आधी कान, मग जीभ

मुकुटबनला आमच्या शेजारी कापसाच्या शेतीसाठी येऊन स्थायिक झालेले एक तेलुगू कुटुंब होते. सहा-सात वर्षांचा मी दिवसभर त्यांच्याच अंगणात असे. अम्मा "रा" म्हणाल्या की जायचे, "कूर्चो" म्हणाल्या की बसायचे आणि "तीसुको" म्हणाल्या की हात पुढे करायचा, कारण हातावर काहीतरी खाऊ पडायचा. कित्येक महिने मी त्या भाषेतला एक शब्दही बोललो नसेन. मग एक दिवस गोट्यांवरून भांडण जुंपले आणि माझ्या तोंडून तेलुगू बाहेर पडली, तीही चुकीची. अम्मा हसल्या, तेच वाक्य नीट करून म्हणाल्या, आणि आमचे भांडण पुढे चालू राहिले. पैनगंगेपलीकडून, आदिलाबादच्या बाजूने बाजाराला येणाऱ्या माणसांशी मी पुढे सहज बोलू लागलो. तेलुगूची लिपी मला आजही येत नाही.

इंग्रजी मात्र मी लिपीपासून शिकलो. आधी स्पेलिंग, मग काळ, मग भाषांतर. दहा वर्षे घोकूनही स्टेशनवर कोणी इंग्रजीत काही विचारले की घशाला कोरड पडायची.

आता आमच्या घरी तीन वर्षांचा नातू आहे. त्याला इंग्रजी यावी म्हणून सूनबाई मोबाईलवर इंग्रजी गाणी लावून देते. "बाबा, लहान मुलं ऐकूनच शिकतात ना?" खरे आहे, पण कोणाचे ऐकून? अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा वेळा खेळली, बोलली. ती बाळे चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तेच बोलणे पडद्यावर दाखवले. त्यांना काही म्हणता काही उमगले नाही. पडदा बाळाकडे बघून हसत नाही आणि हातावर खाऊही ठेवत नाही.

मोठ्यांनीही मुलांसारखे शिकावे, असे हल्ली बरेच जण सांगतात. यात निम्मी फसवणूक आहे. मूल जागेपणी सारा दिवस भाषेत बुडालेले असते. आपण कामावरून येऊन अर्धा तास काढणार! शिवाय व्याकरणाचा नियम मोठ्या माणसाला एका बैठकीत समजतो, तो फायदा का सोडावा? पण मुलाकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे: चुकीची लाज नसणे.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा घाट घातला गेला आणि विरोधानंतर तो निर्णय मागे घ्यावा लागला. भांडण भाषेच्या नावावरून झाले. तिला वर्गात बोलायला माणूस कोण, हे फारसे कोणी विचारले नाही. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा शक्य तेथे मातृभाषेतून शिकवा म्हणतो. आमच्या झरी-जामणी तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. घरात कोलामी बोलणारे मूल शाळेत येते, तेव्हा त्याची दुसरी भाषा मराठी असते, हेच आपल्या ध्यानात नसते.

माझ्याही नव्हते. शिक्षक झालो तेव्हा एका पोडावरची मुलगी माझ्या वर्गात पहिलीला होती. पहिल्या दिवशी ती "ईर" म्हणाली आणि मी दुर्लक्ष केले. ती पाणी मागत होती. तेलुगूतला "नीरु" मला ठाऊक होता. जरा कान दिला असता तर उमगले असते. त्यानंतर ती चार महिने गप्प बसली. मी प्रगतिपत्रकावर "मंद" असा शेरा मारला.

उन्हाळ्यात ती बाजारात आजीजवळ टेंभरांचे वाटे मांडून बसलेली दिसली. गिऱ्हाईकाशी घासाघीस करीत होती, तीही चक्क मराठीत. मला बघून म्हणाली, "गुरुजी, दोन वाटे घ्या ना, गोड हाये."

मी दोन वाटे घेतले. प्रगतिपत्रक तोवर तिच्या घरी गेले होते.