दुष्काळाचे उपकार

१ ऑगस्ट जवळ आला की महाराष्ट्रातील व्यासपीठांवर एका वाक्याची आवर्तने सुरू होतात. अण्णाभाऊ साठे अवघे दीड दिवस शाळेत गेले आणि तरीही त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या! टाळ्या पडतात. वक्ते महोदय पुढे सांगतात की परिस्थितीचे चटके बसल्यावाचून माणूस घडत नाही, सोने आगीतूनच उजळते, आणि आजच्या पिढीला सारे आयते मिळत असल्यामुळेच तिच्यातून अण्णाभाऊ निपजत नाहीत. मग हार घातला जातो, आभारप्रदर्शन होते, चहापान होते. त्या दीड दिवसाची लाज वाटावी असे सभागृहात कोणालाही वाटत नाही.

वास्तविक १९२० मध्ये वाटेगावी मांग समाजात जन्मलेल्या एका विलक्षण बुद्धीच्या मुलाला दीड दिवसापलीकडे शाळेत टिकता येऊ नये, हा त्या शाळेचा, त्या गावगाड्याचा आणि त्यावेळच्या राज्ययंत्रणेचा गुन्हा होय. परंतु गुन्ह्याचा पुरावाच गुन्हेगाराच्या छातीवर पदक म्हणून लटकावा, असा चमत्कार आपल्या सांस्कृतिक जीवनात दरवर्षी घडतो. अण्णाभाऊंनी दारिद्र्य असूनही लिहिले, या साध्या सत्याचे रूपांतर त्यांनी दारिद्र्यामुळे लिहिले, अशा सोयीस्कर सिद्धान्तात केले जाते. सोयीस्कर अशासाठी की हलाखी हीच जर थोर शिक्षिका असेल, तर तिला नोकरीवरून काढण्याची घाई कोणी का करावी?

या सिद्धान्ताचे सर्वांत लाडके उदाहरण म्हणजे तुकोबा. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात या प्रदेशांवर जो दुष्काळ कोसळला, त्याची वर्णने मोगल दरबारच्या बखरकाराने केली आहेत आणि त्या मुलखातून प्रवास करणाऱ्या पीटर मंडी या इंग्रजानेही केली आहेत. वाटेवर प्रेते पडलेली, गावेच्या गावे ओस. देहूच्या एका सुखवस्तू वाण्याच्या घरात या दुष्काळाने धंदा बुडवला, पत्नी नेली, मूल नेले. एवढे सांगून आमचे प्रवचनकार क्षणभर थांबतात आणि डोळे मिटून म्हणतात, तो दुष्काळ पडला नसता तर महाराष्ट्राला तुकाराम मिळाला नसता!

म्हणजे त्या लाखो प्रेतांचा जमाखर्च अखेर एका गाथेने जुळला म्हणायचे! असा हिशेब मांडणाऱ्याला तुकोबांच्या वाण्याच्या दुकानात कोणी तराजूही धरू दिला नसता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तुकोबांनी स्वतःच एका अभंगात आपले दिवाळे निघाल्याबद्दल आणि दुष्काळाने गांजल्याबद्दल देवाजवळ समाधान व्यक्त केले आहे, ते कसे? केले आहे, हे खरे. पण तो अभंग कोण म्हणतो आणि कोणाला उद्देशून म्हणतो, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या घरातील माणसे गेली तो म्हणतो. आणि आपल्या देवाला म्हणतो. आपल्या दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्यापाशी असतो. त्या अधिकारानेच तो आपल्या दुःखाला वर म्हणू शकतो, शाप म्हणू शकतो किंवा त्याविषयी मौन पाळू शकतो. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून 'बाबा रे, तुझी बायको मेली हे फार बरे झाले' असे तुकोबांनी कोणाला म्हटल्याचे ऐकिवात नाही. दुसऱ्याच्या हलाखीचे तुकोबांनी काय केले, ते परंपरा फार स्पष्टपणे सांगते. घरात सावकारी होती. कुळांचे कर्जरोखे होते. त्यांतील निम्मे त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाटणीचे म्हणून दिले आणि आपल्या वाटणीचे निम्मे इंद्रायणीत बुडवले.

दुष्काळाचे गुण गाणाऱ्यांच्या प्रवचनात हा प्रसंग वैराग्याचा म्हणून येतो. आम्हाला त्यात वैराग्याइतकाच न्याय दिसतो. पीक बुडालेल्या कुळाकडून कागदाच्या बळावर वसुली करणे अधर्म आहे, असा तो निवाडा होता आणि धनकोने स्वतःविरुद्ध दिलेला होता. आज मात्र मोठी गंमत चालते. त्या धनकोची पालखी दरवर्षी डोक्यावर घेतली जाते. आणि शेतकऱ्याच्या कर्जमाफीचा विषय निघाला की तेच भाविक अर्थशास्त्रज्ञ होतात आणि कर्ज बुडवण्याची सवय लागेल म्हणून हळहळतात. बड्या उद्योगपतींची थकीत कर्जे बँका आपल्या वह्यांतून निर्लेखित करतात तेव्हा ही हळहळ कोठे जाते, ते विठ्ठलालाच ठाऊक.

देहूपासून फार लांब नसलेल्या भीमथडीत, तुकोबांनंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, पुन्हा कर्जरोख्यांचा निकाल लागला. यावेळी तो ऋणकोंनी लावला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतरची काही वर्षे कापसाचे भाव चढले होते. युद्ध संपताच ते कोसळले. सरकारने याच सुमारास शेतसारा वाढवून ठेवला होता. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या रोख्यांवर जप्त्या आणल्या. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वाड्या-दुकानांवर चाल केली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारी चौकशीतच असे निष्पन्न झाले की माणसांवर हात टाकण्यापेक्षा दंगेखोरांचा सारा रोख कागदांवर होता. रोखे हाती आले की ते जाळायचे आणि परत फिरायचे! १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावरील आकड्यावर आंधळा विश्वास न ठेवता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कायदा अपुरा होता, सावकारांनी त्यातून पळवाटाही काढल्या. तरीही लक्षात घ्यावयाचे ते हे की, हलाखी सुप्याला १८७५ पूर्वीही होतीच. तिने वर्षानुवर्षे कोणाला घडवले नव्हते, नुसते पिळले होते. माणसे घडली ती एकत्र जमली त्या दिवशी.

पुढच्याच वर्षापासून पुन्हा भीषण दुष्काळ पडला. सावित्रीबाई फुल्यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दुःखाचे सौंदर्य शोधणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे आणि निराश व्हावे. त्यात माणसे आणि जनावरे कशी तडफडत आहेत हे आहे. सावकारांची लूट आहे. मदतकार्य करणाऱ्या सत्यशोधकांच्या अटकेची हकिगत आहे. दुष्काळाने आम्हाला काय शिकवले, हे कोठेही नाही. ज्यांना काम असते त्यांना असल्या प्रश्नांना सवड नसते.

आता साहित्याकडे वळू. हलाखीतून प्रतिभा फुलते म्हणणाऱ्यांनी मोजणीचा साधा नियम पाळलेला नसतो: ते वाचलेल्यांनाच मोजतात. बहिणाबाई चौधरींना १९१० मध्ये वैधव्य आले, अक्षरओळख नव्हती, जन्म शेतात आणि जात्यावर गेला. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती त्यांच्या कष्टांनी पाठवली म्हणून नव्हे. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या दुसऱ्या एका लिहित्या हाताने ती टिपून ठेवली होती. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. खानदेशातील ज्या बाईचा मुलगा कवी नव्हता, तिच्या ओव्या कोठे आहेत? तिचे कष्ट काही कमी नव्हते.

नारायण सुर्वे यांचेही तसेच. परिस्थितीने त्या तान्ह्या मुलाला मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिले होते. परिस्थितीचे कर्तृत्व एवढेच. त्याला उचलले गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने, वाढवले त्याने आणि काशीबाईने, स्वतःची चणचण असताना शाळेत घातले त्यांनी. पुढे गिरणगावातील चळवळीने त्याला भाषा दिली, श्रोते दिले, आणि १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' प्रसिद्ध झाले. खुद्द अण्णाभाऊंची घडण पाहा. वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या त्या मुलाने हमाली केली, कोळसे वेचले, गिरणीत काम केले. अक्षरे दुकानांच्या पाट्यांवरून गिरवली. परंतु त्यांचा लेखक झाला तो माटुंग्याच्या लेबर कँपातील कार्यकर्त्यांच्या संगतीत. आणि १९४४ मध्ये अमर शेख व गवाणकर यांच्यासह उभारलेल्या लाल बावटा कलापथकात. कम्युनिस्टांशी आमचे वाद जुने आहेत आणि ते मिटलेले नाहीत. पण या एका बाबतीत त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे: ज्या मुलाला शाळेने दीड दिवसात बाहेर काढले, त्याच्या हाती त्यांनी डफ आणि लेखणी दिली. 'फकिरा'तला नायकही दुष्काळाचे आभार मानत बसत नाही. आपली माणसे उपाशी मरू लागताच तो धान्य लुटतो.

आमच्या घरातील दोषही येथे सांगितला पाहिजे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकावर आम्हा समाजवाद्यांच्या तीन-चार पिढ्या रडल्या आणि प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. पण आम्ही कशावर रडलो? दारी आलेल्या सावकाराच्या माणसाने त्या माऊलीचा अपमान केला, जप्तीने घराची अब्रू गेली, औषधपाण्यावाचून ती झिजली. या साऱ्याचे आम्ही संस्कारांचे पुस्तक केले आणि सावकार तेवढा विसरलो. गुरुजी विसरले नव्हते. १९३८ मध्ये ते खानदेशातील शेतकऱ्यांच्या साऱ्यासाठी झगडत होते आणि १९४७ मध्ये पंढरीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसले होते. लेखक अश्रूंवरून उठून पुढे गेला. वाचक तेथेच बसून राहिले. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हाही बऱ्याच दिवाणखान्यांत हेच झाले. हळहळ झाली, वाहवा झाली, आणि मोलकरणीचा पगार होता तेवढाच राहिला.

याउलट १९७२ आठवावे. ओळीने पावसाने दगा दिलेला, विहिरी आटलेल्या, जनावरे बाजारात मातीमोलाने गेलेली. दुष्काळी कामांवर ऐन भरात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत होती, सुकडी आणि अमेरिकन मिलो खाऊन. या माणसांनी मोर्चे काढले, घेराव घातले, कामाचे दाम मागितले. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेल्या रोजगार हमीला या रेट्याने बळ दिले. १९७५ मध्ये तिच्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसला, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागेल त्याला ते देणे शासनावर बंधनकारक झाले. २००५ चा देशव्यापी कायदा याच वाटेने आला. हमीतील भ्रष्टाचार, खोटी हजेरीपत्रके, थकलेली मजुरी, सारे आम्ही जाणतो. त्यावर याच प्रकारच्या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे. पण दुष्काळाने महाराष्ट्राला काही दिले असेल, तर त्याच्याशी भांडलेल्या माणसांनी ते त्याच्याकडून हिसकावून घेतले होते.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावला वारले. वय पन्नाशीच्याही आत. 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले होते, रशियाचा प्रवास झाला होता, चित्रपटांनी त्यांच्या कथा घेतल्या होत्या. आणि तरी अखेरची वर्षे हलाखीत गेली. ज्या परिस्थितीने त्यांना घडवले म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तिनेच त्यांची उरलेली वीस-पंचवीस वर्षे आणि न लिहिलेली पुस्तके खाल्ली. २००२ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, चार रुपयांचे.

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. मागे सांभाळायला कोणी नसले की बैलगाडीत वा ट्रॅक्टरवर मुलेही चढतात, आणि शाळेच्या हजेरीपटात त्यांच्या नावापुढे चैत्रापर्यंत फुल्या पडतात. येत्या १ ऑगस्टला दीड दिवसाच्या शाळेची कथा सांगण्यासाठी जे वक्ते उभे राहतील, त्यांना श्रोत्यांनी एवढेच विचारावे की, आपल्या तालुक्यातील किती मुलांच्या नावापुढे गेल्या हंगामात अशा फुल्या पडल्या? आकडा ठाऊक नसेल तर त्यांनी खाली बसावे. हार दुसऱ्या कोणी घालता येईल.