अदब म्हणजे भीती नव्हे

सोलापुरात शाळेत असताना गणित चुकलं की हातावर छडी बसायची. घरी सांगितलं तर अब्बा म्हणायचे, "तुझंच काही चुकलं असेल." इंजिनिअरिंगला गेलो तरी वर्गात प्रश्न विचारायची हिंमत होत नसे.

शिस्त म्हटली की आपण जपानचं कौतुक करतो. तिथे मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, आणि शाळेतल्या मारहाणीला 1947 पासूनच कायद्याने बंदी आहे. तरी तिथेही मारहाण झालीच. नुसता कायदा पुरत नाही.

आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. पण 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्यातून वगळल्या. म्हणजे तिथली जबाबदारी आपलीच. उस्तादांचा अदब हवाच, पण तो छडीने येत नाही. मुलाला दाखल करताना एवढं विचारा: इथे मारतात का?