शेजारच्या लेनमधली मैत्री
रायफल नेमबाजी हा एकट्याचा खेळ, असं म्हणणाऱ्यांनी एकदा रेंजवर जावं. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ट्रिगर दाबताना कुणी मदतीला येत नाही, हे खरं. पण त्याआधी ताठर जॅकेटची बटणं शेजारच्या लेनमधलीच लावून देते, छर्रे संपले तर तिच्याच डबीतले मिळतात आणि सिरीज बिघडली की ती काही न विचारता जवळ येऊन बसते. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या तिघी प्रशिक्षक संजय चक्रवर्ती सरांच्या शिष्या. संघातल्या जागेसाठी एकमेकींशी झुंजल्या आणि २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकला तिघीही गेल्या. त्याआधी २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत अंजली-सुमा जोडीनं सुवर्ण जिंकलं. जोडीत दोघींचे गुण एकत्र धरतात, म्हणजे एकीचा हुकलेला नेम दुसरीलाही भोवतो. इतका विश्वास सहजी जुळत नाही. पुढे कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेला घडवण्यात प्रशिक्षक म्हणून दीपालीताईंचा मोठा वाटा. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्य मिळवलं. चक्रवर्ती सर मात्र २०२१ मध्येच गेले. म्हणूनच या तिघींच्या रेंजवरच्या आठवणी कुणीतरी त्यांच्यासमोर बसून, सवडीनं लिहून घ्यायला हव्यात.