१०४.५ अंश आणि पाण्याची रेल्वे

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, पाण्याच्या रेणूतला कोन किती? डोळे चोळत सांगेल, १०४.५ अंश. अमोनिया? १०७. मिथेन? १०९.५. आता विचारा, का? तो पांघरूण ओढून घेईल.

मीही त्यातलाच. एप्रिल २०१६ मध्ये माझी बारावीची व्हेकेशन बॅच चालू होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागून गेली होती आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच महिन्यात आमच्या फळ्यावर पाण्याचा रेणू आला. दोन लोन पेअर, आकार बेंट, कोन १०४.५. लगेच पुसलाही गेला. मागून कुणीतरी विचारलं, "सर, बेंट का?" उत्तर आलं, "ओएमआरवर 'का'साठी गोल नसतो." आम्ही हसलो. आज त्या हसण्याचा राग येतो.

कारण उत्तर पाच मिनिटांचं होतं. चार फुगे फुगवा आणि त्यांची तोंडं एकत्र बांधा. वहीत काढतो तसा सपाट अधिकचा आकार होत नाही. फुगे एकमेकांना ढकलत चार दिशांना पसरतात आणि दोन फुग्यांमधला कोन १०९.५ च्या आसपास येतो. मिथेनमधल्या इलेक्ट्रॉनच्या चार जोड्याही अशाच जमेल तितक्या लांब राहतात. पाण्यातही ऑक्सिजनभोवती चारच जोड्या असतात, पण दोन हायड्रोजनला बांधलेल्या आणि दोन मोकळ्या. मोकळ्या जोड्या जास्त जागा अडवतात, बांधलेल्या दोघी जवळ ढकलल्या जातात आणि कोन १०४.५ वर येतो. गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये मांडलेलं व्हीएसईपीआर ते हेच.

रेणू वाकडा, म्हणून त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत असतो, तिथे दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून काढते. पाण्यात ती शिल्लक राहते. मीठ विरघळवायची ताकद त्यातूनच येते. बोअरच्या पाण्यात खडकातले क्षार उतरतात, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, त्यामागेही हाच वाकडेपणा आहे. रूमवरच्या त्या बादलीनं आम्ही रोज आंघोळ केली आणि धडा मात्र घोकून पाठ केला.

"वेळ नाही," असं सांगतात. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, हे खरंच. पण घोकंपट्टी तिथेही दगा देते. अमोनिया की नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, द्विध्रुव आघूर्ण कुणाचं जास्त? फ्लोरिन इलेक्ट्रॉन जास्त ओढतो, एवढंच पाठ असलेलं पोर दुसऱ्यावर खूण करतं आणि मार्क घालवतं. दोन्ही रेणू पिरॅमिडसारखे. अमोनियात बंधांची ओढ आणि मोकळी जोडी एकाच दिशेला, म्हणून बेरीज होते. दुसऱ्यात त्या उलट दिशांना, म्हणून वजाबाकी. ज्याला आकार दिसतो, तो हे दहा सेकंदांत सोडवतो.

पुण्या-मुंबईत बसून लातूर पॅटर्नला नाकं मुरडणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. याच पॅटर्ननं कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला मेडिकलचं दार दाखवलं. आणि पोरं हौसेनं घोकत नाहीत. दहावीपर्यंत मराठी पुस्तकात 'सहसंयुज बंध' शिकलेलं पोर अकरावीत एकदम 'कोव्हॅलंट बाँड' ऐकतं. दोन्ही एकच आहेत, हे सांगायला कुणी थांबत नाही. आपल्यालाच काही येत नाही असं वाटून ते पाठांतराच्या आडोशाला जातं. मग आपणच म्हणतो, खेड्यातल्या पोरांना कन्सेप्ट झेपत नाही.

माझं भांडण या गृहीतकाशी आहे. घरच्यांनी कर्ज काढून फी भरलेली असते, त्या फीत 'का'चं उत्तरही येतं. रविवारची टेस्ट झाली की चार फुगे आणा, रूमवर बांधून बघा. सोमवारी वर्गात हात वर करा आणि पुन्हा विचारा, "सर, बेंट का?" या वेळी हसू नका.