पाकीट कोणाच्या हाती?

“लपवण्यासारखे काही नसेल, तर भीती कशाची?” खाजगीपणाचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणारा आपण अगदी बिनतोड मुद्दा मांडल्याच्या थाटात चहाचा कप खाली ठेवतो. वस्तुतः या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे : जे झाकायचे ते वाईटच असले पाहिजे. मग पोस्टकार्ड स्वस्त असताना लोक पाकीट का घेत? आजारपणाची बातमी, लग्नाची बोलणी, उसने मागितलेले पैसे हे सारे पाकिटातून जाई, आणि पाकीट चिकटवणाऱ्याला कोणी चोर समजत नसे.

आज आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलमध्ये ‘व्ही.पी.एन.’ नावाचे एक ॲप असते. कोणी ते वाय-फायवर बंद केलेले क्रिकेटचे सामने पाहण्यासाठी घेतले, कोणी जाहिरातीला भुलून. (सामने पाहावेत की नाहीत, हा वाद प्राध्यापकांशी पुन्हा केव्हातरी घालू.) पण ते नेमके काय करते?

वाय-फाय चालवणाऱ्याला आपण कोणत्या संकेतस्थळावर आणि किती वाजता गेलो, हे साधारणपणे कळू शकते. तेथे काय वाचले ते सहसा कळत नाही. कारण आता बहुतेक संकेतस्थळे मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात. म्हणजे पाकीट बंद, पण वरचा पत्ता उघडा. आणि पत्ता काही कमी बोलतो असे नाही. वसतिगृहातली एखादी मुलगी रात्री दोन वाजता गर्भपाताची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर गेली, एवढे कळल्यावर आतला मजकूर वाचण्याची गरज कोणाला उरते? ती कदाचित मैत्रिणीसाठी वाचत असेल, कदाचित निबंधासाठी. पण कुजबुजीला एवढा विवेक नसतो.

व्ही.पी.एन. हे पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून दूरच्या एका सर्व्हरकडे पाठवते. तेथे बाहेरचे पाकीट फोडून आतले पुढे रवाना होते. वाय-फायवाल्याला फक्त त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, आणि पलीकडच्या संकेतस्थळालाही आपल्याऐवजी त्या सर्व्हरचाच. सोय उत्तम आहे. प्रश्न एवढाच, की बाहेरचे पाकीट फोडणारा कोण?

येथे आपली मंडळी विलक्षण भोळी आहेत. वसतिगृहाच्या रेक्टरांवर विश्वास नाही, म्हणून जिचे कार्यालय कोणत्या देशात आहे हेही ठाऊक नाही अशा कंपनीवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, तोही ती फुकट सेवा देते म्हणून! फेसबुकने २०१३ साली ‘ओनावो’ ही इस्राएली कंपनी विकत घेतली. तिचे फुकट व्ही.पी.एन. ‘संरक्षण’ देण्याच्या नावाखाली चालत होते आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होते. २०१८ साली ॲपलच्या आक्षेपामुळे ते त्या कंपनीच्या ॲप स्टोअरमधून काढावे लागले. २०२३ साली ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने या प्रकरणी मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. पहारेकरीच वही घेऊन बसला होता! शिवाय व्ही.पी.एन. चालू करून आपण गूगलच्या खात्यात शिरलो, तर गूगलला आपण कोण हे कळायचे ते कळतेच. बुरखा घालून दारावर स्वतःचे नाव सांगण्यातलाच हा प्रकार.

तरीही व्ही.पी.एन. वापरणाऱ्याकडे संशयाने पाहावे, हे मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने आदेश काढला, की व्ही.पी.एन. पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, इतकेच नव्हे तर सेवा घेण्याचा हेतूसुद्धा, ५ वर्षे नोंदवून ठेवावा. नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क या कंपन्यांनी त्याच वर्षी आपले भारतातील सर्व्हर हलवले. सायबर चोरांनी आयुष्यभराची पुंजी लुटलेल्या निवृत्त माणसांच्या बातम्या आपण वाचतो. तपास व्हायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. परंतु काही थोड्या चोरांसाठी सगळ्याच ग्राहकांची वही आधीपासून भरून ठेवणे, हा तपास नव्हे. आणि गंमत पाहा : कंपन्या आपल्या नोकरांसाठी जे अंतर्गत व्ही.पी.एन. चालवतात त्यांना हा नियम लागू नाही, असा खुलासाही लगेच झाला. कंपनीचे गुपित म्हणजे व्यवहार, आणि माणसाने गुपित ठेवले की त्याने हेतू लिहून द्यावा!

दिल्लीचा आदेश आपल्या हातात नाही. आपल्या महाविद्यालयाचे वाय-फाय मात्र आहे. त्यावरच्या नोंदी कोण ठेवते, किती दिवस ठेवते आणि कोणाच्या परवानगीने त्या पाहता येतात, हे मी तीन वर्गप्रतिनिधींना विचारले; एकालाही सांगता आले नाही. माहितीपत्रकात ग्रंथालयाच्या दंडाचे नियम पानभर छापलेले असतात. त्याच पानाखाली या तीन प्रश्नांची उत्तरे पुढल्या वर्षी छापावीत, अशी प्राचार्यांना विनंती आहे.