हात लावा, वाजवून बघा!



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. माझ्या एका मित्राने अमेरिकेतून काही फोटो पाठवले होते. मधल्या सुट्टीत पोरांनी माझा मोबाईल पाहिला आणि तो घंटा होईपर्यंत परत आलाच नाही. सिॲटल नावाच्या शहरातलं एक संग्रहालय होतं ते. इमारत अशी, की कुणी मोठ्ठी गिटार आपटून फोडावी आणि तिचे रंगीत तुकडे तसेच पडू द्यावेत! फ्रँक गेरी नावाच्या वास्तुरचनाकाराने ती बांधली, आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, पॉल ॲलन, यांनी २००० साली ती लोकांसाठी उघडली. आकाशगाडी चक्क तिच्या पोटातून जाते. आत शेकडो वाद्यांचा एक उंच मनोरा आहे. आधी ते नुसतं लोकप्रिय संगीताचं, म्हणजे सगळे ऐकतात त्या गाण्याबजावण्याचं संग्रहालय होतं. २००४ मध्ये त्यात विज्ञानकथांचं दालन आलं. आणि मुख्य गंमत ही, की तिथे एका भागात कुणीही जाऊन गिटार वाजवावी, ड्रम बडवावेत. कुणी रागावत नाही.

"सर, खरंच हात लावू देतात?" एकीने विचारलं.

"खरंच."

"मग आपण जाऊत की!"

आता सिॲटलला कुठली जाते आमची सहल! पण संगीत आणि विज्ञानकथा या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात दाखवील असं एक गाव आपल्याकडेही आहे. पुणे! मुख्याध्यापकांना गाठलं, पालकांच्या चिठ्ठ्या आणल्या, आधी पत्रं पाठवून परवानग्या काढल्या आणि एका रात्री आमचा लाल डबा पाथरीहून निघाला. ढालेगावच्या पुलावर गोदामाईला हात जोडले. पुढे माजलगाव येईपर्यंत भेंड्या रंगल्या आणि बीडच्या आधीच सगळे झोपले. (दोघांना गाडी लागली, त्यांचं नाव सांगणार नाही.)

सकाळी पहिला मुक्काम राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे कवी. चष्म्याचा धंदा सांभाळून हा माणूस गावोगाव फिरला आणि लोकांच्या माळ्यावर पडलेले अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवत गेला. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव. तिथला मस्तानी महाल पाहताना मुलींचा पाय निघत नव्हता. पण मला सांगायचंय ते वाद्यांच्या दालनाबद्दल.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे आजोबा लग्नात सनई वाजवतात. वाजवायचे, म्हणायला हवं, कारण आता मांडवात डीजे आला आणि आजोबांची सुपारी कमी झाली. वर्गातली पोरं या मुलाला बघून गाल फुगवतात आणि "पींऽऽ पींऽऽ" करतात. मी दोनतीनदा रागावलो. रागावून अशा गोष्टी थांबत नाहीत, नुसत्या माझ्यामागे होतात, हे मला कळायला वर्ष लागलं. मुलगा मात्र अबोल होत गेला. 'माझे घर' निबंधात त्याने लिहिलं होतं, "माझे आजोबा शेती करतात." त्यांना शेत नाही.

तर दालनात सगळे भराभर पुढे गेले आणि हा एका कपाटापुढे थांबला. काचेआड सनईसारखं एक वाद्य. मी जवळ गेलो.

"सर, ही अशी वाजणारच नाही."

"का रे?"

"हिला पत्ती कुठंय?"

मी बघितलं. मला काय कळणार! नळी होती, भोकं होती, पुढे कर्ण्यासारखं तोंड होतं. मला ती पूर्णच वाटली होती. मागे राहिलेली दोनतीन पोरं येऊन उभी राहिली. "पत्ती म्हंजे?" त्यातल्या एकाने विचारलं, आणि हा तोच होता जो सगळ्यांत मोठ्याने पीं पीं करायचा.

मग मुलगा बोलायला लागला. पत्ती म्हणजे तोंडात धरायचा चपटा तुकडा, दोन पाती एकमेकींना लागून. आजोबा आधी ती ओली करतात, कोरडी पत्ती बोलत नाही. एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरून बसतो, त्याला मधे थांबता येत नाही. गाल का फुगतात, तर वारा साठवायला. तोंडातला वारा सोडत सोडत नाकाने नवीन घ्यायचा. "तू करून बघ, मग पीं पीं कर," असं तो म्हणाला नाही. मीच मनात म्हणालो.

काचेआडच्या वस्तूला हात लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. जुनं लाकूड, जुनं कातडं, हजारो हात लागले तर उरेल काय? पण पत्ती नसलेली सनई बोलत नाही, हे त्या काचेच्या अलीकडे उभा असलेला एकच जण सांगू शकत होता.

दुपारी आयुकात गेलो. खगोलशास्त्राची ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथे फूकोचा लंबक आहे. लांब तारेला टांगलेला जड गोळा झोके घेतो आणि झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. खरं तर खालची पृथ्वी वळत असते! पुण्याला पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. आपल्या पाथरीला टांगला तर साधारण ७३ तास लागतील, कारण आपण थोडे उत्तरेला. जितकं ध्रुवाकडे जावं, तितकी फेरी लवकर.

नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांची एक गोष्ट मुलांना अंगणातच सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. सरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण आपलं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून नाव घातलं नारायण विनायक जगताप! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. आता जयंत विष्णू नारळीकर आणि नारायण विनायक जगताप यांची आद्याक्षरं लिहा बरं. ज वि ना, ना वि ज. उलटं!

उलट्यावरून पाथरीचीच आठवण निघाली. जुन्या ग्रंथांत आपल्या गावाचं नाव पार्थपूर. इथे ज्ञानराज नावाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांनी १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुन्दर' हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा सूर्यदास. त्याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका लिहिली आणि 'रामकृष्णविलोमकाव्य' नावाचं अजब काव्य रचलं. सरळ वाचलं की रामाची कथा, तेच अक्षर अक्षर उलटं वाचलं की कृष्णाची! हे आमच्या गावात घडलं आणि मला स्वतःला ते पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. परतीच्या बसमध्ये पोरांनी शब्द उलटे करायचा सपाटा लावला. "सर, तुम्हाला उलटं केलं की रस निघतोय!" मी हसलो. काय करणार?

डी.एड.ला आम्हाला 'कृतीतून शिक्षण' हा धडा होता. मी तो वहीत उतरवला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. सहलीहून आल्यावर आम्ही शाळेच्या मागच्या खोलीत आमचं संग्रहालय मांडलं. दारावर पाटी लावली, "हात लावा". पाण्याने कमीजास्त भरलेले पेले, ताणलेले रबर, डब्यांचे ढोल. आणि पानाची पिपाणी. आंब्याचं कोवळं पान गुंडाळा, एक टोक बोटांनी हलकं दाबून चपटं करा आणि ते ओठांत धरून फुंका. दोन कडा थरथरतात, वारा क्षणात अडतो, क्षणात सुटतो. हे सेकंदाला जितक्या जास्त वेळा, तितका आवाज चढा. सनईची पत्ती हेच करते. पहिल्या फुंकीत वाजली नाही तर कडा जरा ढिल्या करा, आमच्या निम्म्या वर्गाला दोन दिवस लागले.

दुसऱ्या भिंतीवर विज्ञानकथा. एकीने लिहिलं, चंद्रावर लग्न आहे, वाजंत्री आले, पण तिथे हवाच नाही. फुंकायला नाही आणि आवाज वाहून न्यायलाही नाही. मग नवरीने काय केलं, तर संबळाच्या लाकडाला आपलं शिरस्त्राण टेकवलं. थरथर लाकडातून आत गेली आणि तिला ताल ऐकू आला! हे शक्य आहे का, असं तिने विचारलं. शक्य आहे. घन वस्तूतूनही ध्वनी जातो. बाकाला कान लावून दुसऱ्या टोकाला टिचकी मारून बघा.

शनिवारी पालकांना बोलावलं होतं. बरेच आले. अकराच्या सुमाराला दाराबाहेर एक म्हातारबाबा कापडात काहीतरी गुंडाळून उभे दिसले.

"मास्तर, पोरगं म्हनलं घेऊन या म्हनून. आत येऊ का?"

खोलीत मधोमध एक बाक रिकामा ठेवलेला होता. मला वाटलं होतं, कुणाचं तरी काम अपुरं राहिलं असेल. त्यावर एक पुठ्ठा उभा होता, आणि अक्षर मी ओळखलं:

"माझ्या आजोबांची सनई. हात लावा. वाजवायची असेल तर आधी आजोबांना विचारा."