यंत्रांच्या गमतीजमती : पाय दाबला की गाडी का अडखळते?

दोस्तांनो, शहाळ्याचं पाणी पिताना तुमची नळी कधी चिरली आहे का? आपण जोर लावून ओढतो आणि तोंडात येते नुसती फुस्स हवा! ही चिरलेली नळी लक्षात ठेवा हं. आजच्या गोष्टीत ती पुन्हा भेटणार आहे.

माझा एक शाळासोबती अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहतो. त्याच्याकडे १९७७ सालची डॅटसन २८० झेड आहे. लांब नाकाची, सहा सिलिंडरची जपानी स्पोर्ट्‌स कार. एकदा चौकात डावीकडे वळताना त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने पिकअपच घेतला नाही! क्षणभर ती रस्त्याच्या मधोमध अडखळली, मग धक्का देऊन पुढे गेली. समोरून येणारा ट्रक कर्कश हॉर्न वाजवत अगदी मागून निघून गेला. शेजारी बसलेली त्याची चौदा वर्षांची लेक पांढरीफटक पडली.

घरी आल्यावर आईने बजावलं, “दुरुस्त होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही.”

एका ओळखीच्याने सल्ला दिला, “हवा मोजणारा मीटर बदलून टाक.” तो भाग भलताच महाग. लेक म्हणाली, “बाबा, आधी बिघाड शोधू या, मग खर्च करू.”

आता ही गाडी चालते कशी ते बघू. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोल सुटत नाही बरं का! थ्रॉटल नावाची झडप उघडते आणि इंजिनात जास्त हवा जाते. त्या हवेच्या वाटेवर मीटरची एक पाती असते. हवेच्या रेट्याने ती ढकलली जाते. ती किती सरकली यावरून एक छोटा कॉम्प्युटर हवा किती आली ते ओळखतो आणि तेवढंच पेट्रोल इंजेक्टरमधून फवारतो. जर्मनीच्या बॉश कंपनीची ही पद्धत १९७० च्या दशकातली. तिचं नाव एल-जेट्रॉनिक. ‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, म्हणजेच जर्मन भाषेत हवा!

बापलेकीने वही काढली आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची असं ठरवलं. स्पार्क प्लग ठीक. पेट्रोलचा दाब ठीक. वायरींची गंजलेली टोकं साफ केली, तरी फरक नाही. मग इंजिन जागेवर चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. या गाडीत असं केलं की न मोजलेली हवा आत शिरते आणि इंजिन गडबडायलाच हवं. ते गडबडलं. म्हणजे कुठे गळती नसावी!

आता काय? लेक वही चाळत म्हणाली, “बाबा, परीक्षा घेतली उभ्या गाडीची. पण अडखळते ती पाय दाबल्यावर. पाय दाबल्यावर काय हलतं?”

“इंजिन!” बाबा ओरडले. इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेलं असतं. जोर लावला की ते किंचित कलतं. मीटर मात्र गाडीच्या सांगाड्याला पक्का बसवलेला. दोघांना जोडतो तो पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी पाइप.

इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. बाबांनी पाइप हाताने वाकवला. खालच्या घडीत लांबलचक चीर! गाडी उभी असताना चीर मिटलेली. पाय दाबला, इंजिन कललं की ती आ वासायची. तिथून शिरलेली हवा मीटरला दिसायचीच नाही. कॉम्प्युटर बिचारा कमी पेट्रोल द्यायचा आणि इंजिन अडखळायचं. आठवली ना शहाळ्याची नळी?

नवा रबरी पाइप बसवला. त्याला मीटरच्या मानाने किरकोळ खर्च आला. रिकाम्या रस्त्यावर फेरी मारली, गाडी एकदाही अडखळली नाही. मीटर बदलला असता तर पैसे गेले असते आणि चीर तशीच राहिली असती. पुन्हा एखाद्या चौकात, ट्रकसमोर!

तर मंडळी, काही बिघडलं की ‘काय बदलू?’ असं विचारण्याआधी ‘नेमकं केव्हा बिघडतं?’ ते विचारा. सायकल असो, पंखा असो, नाहीतर गणितात वारंवार होणारी चूक असो!

करून बघा : सरबताच्या नळीला वरच्या बाजूला टाचणीने दोन-तीन भोकं पाडा. सरबत ओढा. मग भोकांवर बोट ठेवून पुन्हा ओढा. फरक कळला?

आणि हो, गाडीचं बॉनेट मोठ्या माणसांशिवाय उघडायचं नाही. कबूल?